मंगळवारची मारित

आर्डिथ नायगार्डचा आवाज काउंटीतल्या प्रत्येकाच्या ओळखीचा होता. शेरीफच्या कचेरीत बसून ती आणीबाणीचे फोन घ्यायची. कुणाच्या कोठाराला आग लागो, कुणाच्या सुनेला भलत्या वेळी कळा सुटोत, पलीकडून पहिला आवाज यायचा तो आर्डिथचाच. दुकानात पाव घेताना ती नुसतं "किती झाले?" म्हणाली तरी रांगेतलं कुणीतरी वळून बघायचं. आवाज ओळखीचा, पण त्या आवाजाच्या घरी मात्र कुणी येत नसे. नवरा कधीचाच सोडून गेला होता. मुलगी दूर फिनिक्सला, तिकडच्या उन्हात रमलेली. तळ्यांच्या आणि बर्फाच्या या मुलखात हिवाळाभर आर्डिथच्या दारात चाकांच्या खुणा उमटायच्या त्या दोनच गाड्यांच्या. एक तिची स्वतःची आणि दुसरी मारितची.

मारित सोलहाइम दर शुक्रवारी संध्याकाळी यायची. नवरा वारल्यावर शहरातल्या हॉस्पिटलातलं काम सोडून ती इथे येऊन राहिली होती. दातांच्या दवाखान्यामागच्या एका खोलीत ती माणसांना भेटायची. मनाच्या दुखण्यावर उपचार करायचा परवाना असलेली सोशल वर्कर अख्ख्या काउंटीत ती एकटीच. पण शुक्रवारी ती आर्डिथच्या स्वयंपाकघरात बसून पत्ते कुटायची आणि हरायला लागली की चष्मा पुसत बसायची.

"चष्मा खाली ठेव आणि पान टाक," आर्डिथ म्हणायची. "काचेत माझे पत्ते बघतेस, ठाऊक आहे मला."

"तुझे पत्ते बघायला चष्मा कशाला? तुझं तोंडच सांगतं की!"

त्या वर्षी मार्चमध्ये तळ्यावरचं बर्फ लवकर कुजायला लागलं. ऑर्विल ब्रॅन्डवोल्ड हा बटाट्याचा शेतकरी बर्फावरची आपली मासेमारीची खोपटी ओढून आणायला ट्रक घेऊन गेला, आणि दिवस कलताना बर्फ फुटलं. ट्रकचं तोंड पाण्यात गेलं, मागची चाकं कडेला अडकली. ऑर्विलचा पाय पेडलखाली चेमटला होता. त्याने फोन लावला.

"आर्डिथ, तूच ना गं?"

"मीच. ऑर्विल, कुठे आहेस?"

त्याने सांगितलं. आर्डिथने बचावाच्या गाडीला निरोप दिला, पण ती काउंटीच्या पार दुसऱ्या टोकाला एका अपघातावर गेली होती. ती कुठवर आली आहे ते समोरच्या पडद्यावर दिसत होतं, आणि दिसत होतं ते बरं नव्हतं.

"किती लांब आहेत गं?" ऑर्विलने विचारलं.

"आलेच," आर्डिथ म्हणाली. "वळणापाशी पोचलेत. आता दिसतीलच दिवे."

ते वळणापाशी पोचले तेव्हा ट्रक तळाला गेला होता.

प्रेतयात्रेच्या दिवशी ऑर्विलच्या बायकोने, हेल्मीने, तिला मिठी मारली. "निदान तू होतीस बोलायला," हेल्मी म्हणाली. आर्डिथचं अंग लाकडासारखं झालं. त्यानंतर घरातला फोन वाजला की तिचा हात जागच्या जागी थिजायचा. झोप तर उडालीच. मग एके दिवशी कचेरीत, रस्त्यावर गाय आल्याची साधी तक्रार होती हे नंतर कळलं, तिने बटणावर बोट ठेवलं आणि फोन वाजून वाजून बंद पडेपर्यंत ती तशीच बसून राहिली.

शेरीफ डूएन तिच्यापेक्षा बराच लहान. तो खुर्ची ओढून जवळ बसला. "अहो आर्डिथ, तुम्हाला घरी बसवायची मला हौस नाहीये. तुमच्या जागी बसवलेला तो पोरगा लोकांना घरचा पत्ता विचारताना स्वतःच घाबरतो. पण तुम्ही कुणाला तरी दाखवा. आणि माणूस परवान्याचं हवं हं, नाहीतर विमावाले मानायचे नाहीत."

आर्डिथने शोध सुरू केला. विमा कंपनीने पाच-सात नावं सांगितली. पहिले गृहस्थ निवृत्त झाले होते. दुसऱ्या बाई फक्त लहान मुलांना बघायच्या. तिसरे वारले होते. त्यांच्या बायकोने फोन उचलला आणि तीच आर्डिथशी बराच वेळ बोलत राहिली. बाकीच्या ठिकाणी यंत्र निरोप ठेवायला सांगायचं. आर्डिथ निरोप ठेवायची, उलट फोन यायचा नाही. इतकी वर्षं तिने फोन पहिल्या घंटेला उचलला होता. कुणी न उचललेला फोन पलीकडे कसा ऐकू येतो, ते तिला आता समजलं.

शहरातली एक बाई मात्र तयार झाली. "आपण फोनवरच बोलू," ती म्हणाली. "हल्ली कितीतरी लोक तसंच करतात." ठरल्या वेळी आर्डिथने फोन कानाला लावला. पलीकडून मऊ, शांत आवाज आला, "मी इथेच आहे. सावकाश बोला." हे शब्द तिचे स्वतःचे होते, तळ्यावरच्या त्या माणसाला तिने हेच सांगितलं होतं. आर्डिथने फोन ओट्यावर टाकला आणि नुसत्या पायमोज्यांवर बाहेर पायरीवर जाऊन बसली. समोर माणूस हवा, बघता येईल असा, एवढं तिला तेव्हा कळलं.

मारितचं नाव तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतंच. तरी ते तिने बाजूला ठेवलं होतं. मारित सूप घेऊन यायची, काही विचारायची नाही. शेवटी एका शुक्रवारी पत्ते वाटता वाटता आर्डिथ म्हणाली, "मला तूच बघ."

"नाही."

"का? गावातल्या सगळ्यांना बघतेस, मीच काय घोडं मारलंय?"

"वेडी आहेस का? गावातल्या सगळ्यांबरोबर मी पत्ते खेळत नाही. मैत्रिणीवर उपचार करायचे नाहीत, हा आमच्या कामातला पहिला नियम." मारितने पत्ते खाली ठेवले. "थांब जरा. मी दुसरं कुणी शोधते."

मारितने आजूबाजूच्या काउंट्यांत विचारलं, हॉस्पिटलातल्या जुन्या सोबत्यांना गाठलं. पुढच्या शुक्रवारी ती आली ती कोट न काढताच खुर्चीत बसली.

"सगळ्यात जवळचा माणूस म्हणजे जायला अर्धा दिवस. आणि तोही पानगळीनंतर या म्हणतो."

"तोवर मी काय करू?"

"म्हणूनच मी माझ्या जुन्या वरिष्ठ बाईंना विचारलं. दुसरं कुणीच नसेल तर कर म्हणाल्या, पण रेघ आखून. आता नीट ऐक. मंगळवारी तू माझ्या खोलीत यायचं. शुक्रवार बंद. सूप बंद. दुकानात दिसलीस तर मी आपणहून ओळख देणार नाही, तू बोललीस तर बोलेन. आणि उपचार संपले की दुसऱ्या दिवशी पुन्हा पत्ते पिसायला बसू, असंही नाही."

"कधीच नाही?"

"ते आज सांगणार नाही. सांगितलं तर तू त्या आशेवर लवकर बरी झाल्याचं सोंग करशील. ओळखते मी तुला."

आर्डिथने वाटून ठेवलेले पत्ते तिच्यापुढे सरकवले. "आणि तुझं काय गं? तुझं तरी दुसरं कोण आहे इथे?"

"हा प्रश्न मैत्रिणीचा झाला," मारित म्हणाली. "आज शुक्रवार आहे म्हणून उत्तर देते. कुणी नाही."

त्यांनी तो डाव पुरा खेळला. मारित हरली, आणि या खेपेला तिने चष्मा पुसला नाही. दाराशी तिने आर्डिथला घट्ट धरलं आणि मग ती गाडीत जाऊन बसली.

खोलीत समोरासमोर दोन खुर्च्या होत्या. भिंतीपलीकडून दात कोरायच्या यंत्राची घरघर यायची. पहिले काही मंगळवार आर्डिथ हवेबद्दल आणि मुलीबद्दल बोलली. मारित ऐकायची. ती हसायची तेही वेगळं, शुक्रवारचं हसू तिने कुठेतरी नीट घडी घालून ठेवलं होतं.

"एरवी तुझं तोंड मिटत नसे," आर्डिथ एकदा चिडून म्हणाली.

"राग आलाय का माझा?"

"आलाय."

"सांग ना मग."

आर्डिथला हे अपेक्षित नव्हतं. तिने रागाबद्दल सांगितलं, मग घरातल्या शुकशुकाटाबद्दल, आणि तिथून कशी कोण जाणे, ती तळ्यापाशी येऊन पोचली. जूनचे दिवस होते, खिडकी उघडी होती.

"मी खोटं बोलले, मारित. वळणापाशी आलेत म्हणाले. ते कुठच्या कुठे होते. तो माझ्यावर भरवसा ठेवून दिव्यांची वाट बघत बसला असेल."

मारितने तिला समजावलं नाही. तुझा काय दोष, असंही म्हणाली नाही. तिने विचारलं, "त्यावर तो काय म्हणाला?"

"काही नाही. फोन तुटला."

"लगेच?"

इतके महिने आर्डिथच्या डोक्यात आपलं ते एकच वाक्य फिरत होतं आणि वाक्यापाशी सगळं संपत होतं. आता ती त्याच्या पुढे बघायला लागली, तर पुढे बरंच काही होतं.

"हसला," ती हळूच म्हणाली. "आर्डिथ, तू चांगली बाई आहेस, पण तुला थापा मारता येत नाहीत, असं म्हणाला. मग म्हणाला, बोलत राहा, काहीही बोल. मला काही सुचेना. मी म्हटलं, तुझ्या बटाट्यांची मी काल भाजी केली होती, लोण्यावर, वरून कांद्याची पात घालून. तर म्हणाला, पात? शेपू घालायचा, शेपू! आम्ही शेपूवरून भांडलो गं. तो पाण्यात, आणि आम्ही शेपूवरून भांडतोय."

ती हसत होती आणि रडत होती. मारितचा हात खुर्चीच्या दांड्यावरून उचलला गेला, मधेच थांबला आणि परत जागेवर गेला. तिचे डोळे भरले होते. शुक्रवार असता तर ती उठून आली असती, हे दोघींनाही माहीत होतं. त्या घटकेला आर्डिथला मैत्रीण हवी होती, आणि ती समोर हाताच्या अंतरावर बसली असूनही तिथे नव्हती.

फोनवरचं बोलणं बाहेर सांगायला डूएनची परवानगी घेऊन आर्डिथ हेल्मीकडे गेली आणि शेपूचं भांडण तिला सांगितलं. हेल्मीने डोळे फाडले. "शेपू!" ती म्हणाली. "मेला, मरतानाही शेपूवरूनच भांडला!" मग हाताला लागलेलं ओट्यावरचं फडकं तिने तोंडाला लावलं.

उन्हाळा सरता सरता आर्डिथ कामावर परतली. पहिला फोन आला तेव्हा बोट क्षणभर अडखळलं, मग तिने बटण दाबलं. पानं पिवळी पडायला लागल्यावर एका मंगळवारी मारित म्हणाली, "आता तुला माझी गरज नाही." दोघींनी हात मिळवले. मारितचा हात गार होता.

शुक्रवार मात्र रिकामेच राहिले; आखलेली रेघ मारितने पुसली नव्हती. आर्डिथ जुन्या सैनिकांच्या सभागृहात पत्ते खेळायला जाऊन बघायला लागली. तिथले म्हातारे पान टाकायला युगं लावायचे आणि तिचा आवाज ऐकून आपापल्या छातीतल्या कळा सांगायचे. तरी ती जात राहिली.

नोव्हेंबरमध्ये चर्चच्या तळघरात माशांचं जेवण होतं. हेल्मीने तिला हात करून आपल्या शेजारी बसवलं. खोलीच्या पार टोकाला मारित एकटीच जेवत होती. तिच्या टेबलापाशी येणारी माणसं तिला नमस्कार करायची आणि ताट घेऊन पुढे सरकायची. त्यातल्या कितीजणांनी दवाखान्यामागच्या त्या खोलीत बसून आपलं सगळं सांगितलं असेल, आणि म्हणूनच तिच्याशेजारी बसायचं टाळलं असेल, हे आर्डिथच्या पहिल्यांदाच लक्षात आलं.

लोणी आणायच्या निमित्ताने ती तिकडून गेली. "मासा बरा झालाय यंदा," ती म्हणाली.

मारितने वर पाहिलं. "हो," ती म्हणाली. "मऊ झालाय."

आर्डिथ लोणी घेऊन आपल्या जागेवर परत आली.

निघताना बाहेर गारठा पडला होता आणि सगळ्या गाड्यांच्या काचांवर बर्फाचा थर बसला होता. आर्डिथने आपल्या गाडीतून बर्फ खरवडायची पट्टी काढली आणि ती आधी मारितच्या गाडीपाशी गेली. पुढची काच, मागची काच, मग बाजूचे आरसे, सगळं तिने साफ खरवडून काढलं. कुणी केलं, ते मारितला कळेल किंवा कळणारही नाही. कळलं तरी ती विचारायला येणार नव्हती. मग आर्डिथने स्वतःची काच पुसली आणि ती घरी गेली.