समाप्तच्या पुढची बारा मिनिटं

मी तीन तासांची व्हिडिओ कॅसेट. खरं तर आता नुसती फीतच उरलेय, पण बोलायची खोड काही जात नाही.

एके काळी काय तोरा होता माझा! सिनेमा बघायचा तर थिएटरपर्यंत जायचं, हा रिवाज आम्ही मोडला. लोक मला पिशवीत घालून घरी न्यायचे आणि एका टीव्हीपुढे अख्खी गल्ली दाटीवाटीनं बसायची. आम्हाला भाड्यानं देणाऱ्या व्हिडिओ लायब्ररीच्या काउंटरवर मालकीणबाई असत. फीत उलटी न गुंडाळता कॅसेट परत आणली की गिऱ्हाइकाची खैर नसे. "मी काय तुमची बिनपगारी मोलकरीण आहे का हो?"

सिनेमा संपला तरी माझ्या शेवटाला थोडी फीत कोरी राहायची. मालकांनी एकदा भाड्यानं कॅमेरा आणला आणि त्या कोऱ्या जागेत बाईंना भरलं. मांडीवर वर्षभराची लेक, आणि तिला त्या खोटं खोटं रागावतायत. बारा मिनिटं. पुढच्याच वर्षी बाई गेल्या. त्यांचा आवाज माझ्याशिवाय कुठंच उरला नाही.

लेक माझ्यातच आईला बघत वाढली. मग डिस्क आली, मोबाइल आला, आमच्याकडे कुणी ढुंकून बघेना. घरातलं यंत्रही बंद पडलं आणि दुरुस्त करणारा मिळेना. "बाबा, आईचा आवाज विसरत चाललेय मी," लेक एक दिवस म्हणाली.

मालकांनी आम्हा सगळ्यांना पोत्यात भरून डिस्क करणाऱ्याकडे नेलं. त्यानं विचारलं, "कुठपर्यंत भरू?"

मालक पटकन म्हणाले, "समाप्त आलं की थांबव. पुढं कोरंच असतं." जन्मभर असंच तर कॉपी काढत आले होते! त्यानं ऐकलं, डिस्क दिल्या आणि आम्हाला भंगारात घातलं.

चौथ्या दिवशी, डिस्क समाप्तलाच थांबते हे बघून, बापलेक भंगारवाल्याकडे धावत आले. तोवर त्यानं प्लास्टिक वेगळं काढून सगळ्या फिती एका ढिगात टाकल्या होत्या. "मीच सांगितलं गं त्याला, मीच," म्हणत मालक तिथंच मटकन खाली बसले. लेकीनं दोन्ही हातांनी फितींचा गुंता उचलला.

"बाबा, यातली आई कुठली?"

मालकांना सांगता येईना. मला येत होतं, पण माझं ऐकणार कोण?

शेवटी हाताला लागली तेवढी फीत तिनं पर्समध्ये कोंबली आणि बापाला उठवून घेऊन गेली. त्यात मी नव्हते. अगं पोरी, परत ये. अजून थोडा खाली हात घाल.