झोपेचा ठपका

सहा वर्षांपूर्वी कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलर फुटला आणि तीन माणसं गेली. त्यांतला एक बॉयलर चालवणारा. चौकशीत फिटरने सांगितलं, "त्याला डुलकी लागली होती. पाणी कमी झालेलं त्याने पाहिलंच नाही." मेलेला माणूस उलट उत्तर थोडाच देणार? कागदावर तसंच लिहिलं गेलं आणि साहेबांनी हात झटकले.

खरं काय ते एकट्या फिटरला ठाऊक होतं. प्रेशर चढलं की सेफ्टी वॉल्व्ह सारखा उडून वाफ सोडायचा, काम खोळंबायचं, म्हणून त्यानेच तो तारेने करकचून बांधला होता. स्फोट झाल्यावर, जखमी माणसं ओरडत असताना, त्याने आधी ती तार सोडवून खिशात घातली.

पुढे दारू आली, बायको माहेरी गेली ती परतलीच नाही. शेवटी एका लहानशा चर्चच्या मागच्या बाकावर तो ढसाढसा रडला आणि त्याने बाप्तिस्मा घेतला. येशूने आपलं पाप स्वतःवर घेतलं, हे त्याला मनापासून पटलं होतं. तो ढोंगी नव्हता. जेवणाच्या सुट्टीत जो सापडेल त्याला तो शुभवर्तमान सांगायचा. 'पाद्रीबुवा आले' म्हणत लोक डबे उचलून पळायचे. फक्त आपलं पाप कोणतं, ते त्याने पाळकांनाही सांगितलं नव्हतं. देवाला ठाऊक आहे ना, मग झालं तर!

एका रविवारी दुपारी पाळकांनीच त्याला बॉयलरवाल्याच्या विधवेकडे धाडलं. "तुमच्या ओळखीतल्या आहेत. धीराचे दोन शब्द सांगून या." नाही म्हणायला सबब सुचेना.

वहिनीने शिवणयंत्र थांबवलं, खुर्ची पुढे केली. तो नेहमीचं बोलला. वधस्तंभ, सांडलेलं रक्त, पदरात फुकट पडणारी क्षमा. ती कान देऊन ऐकत होती.

"भाऊजी, मेलेल्या माणसाचं पापही माफ होतं का हो?"

"कुणाचं?"

"ह्यांचं. ह्यांना झोप लागली आणि दोन घरं उजाड झाली. मेलेल्यांतल्या एकाची आई मला बघून थुंकते. सासूबाई लेकाचं नावसुद्धा काढत नाहीत. मी रोज ह्यांच्यासाठी माफी मागते. पण कुणाकडे मागायची, तेच कळत नाही."

 फिटरने नुसतं 'होतं' म्हणायचा अवकाश, बाई येशूकडे वळली असती आणि चर्चच्या मंडळीत त्याची पाठ थोपटली गेली असती. शब्द अगदी ओठांवर आला होता.

"वहिनी," तो म्हणाला, "ते झोपले नव्हते."

मग त्याने सगळं सांगितलं, तारेसकट.

ती ओरडली नाही. शिवणयंत्राकडे वळत म्हणाली, "मला काय सांगता? जिथे खोटं बोललात तिथे जाऊन सांगा. आणि तुमचा देव घेऊन उठा आता."

दुसऱ्या दिवशी त्याने साहेबांना गाठून सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "पुरलेली मढी कशाला उकरतोस?" तो तिथून उठला आणि थेट पोलीस चौकीत गेला. पाच वर्षांची शिक्षा झाली. देवाने माफ केलं होतं, मग ही उठाठेव कशाला, असं मंडळीतले काही जण बोलले. पाळक तुरुंगात भेटायला आले तेव्हा एवढंच म्हणाले, "मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

वर्षभराने वहिनी आली. जाळीपलीकडे उभीच राहिली.

"एकच सांगा. ह्यांचं शेवटचं बोलणं काय होतं?"

हे त्याने कोर्टातही सांगितलं नव्हतं. "प्रेशर चढतंय म्हणून मला हाक मारली. दोनदा. मी चहा पीत होतो. आलो, म्हणालो."

"आणि?"

"उठलो नाही."

तिने जाळी घट्ट धरली. "माझ्याकडे माफी मागू नका. माझ्याजवळ ती नाही."

"नाही मागत, वहिनी."

"सासूबाईंना सांगते," ती म्हणाली, "ह्यांनी दोनदा हाक मारली होती म्हणून." आणि डोळे न पुसताच ती निघून गेली.