बाहेरची गर्दी

ठकी अकरा वर्षं एकाच दाराचा अभ्यास करत होती. दार म्हणजे पेशीच्या पातळ आवरणातलं छिद्र, खास पोटॅशियमसाठी असलेलं. काचेच्या बारीक नळीचं टोक पेशीला टेकवायचं, श्वास रोखायचा आणि त्या छिद्रातून वाहणारी इवलीशी वीज पडद्यावर मोजायची. "एवढं शिकून पोरगी भोकं मोजते," असं तिची आई शेजारणींना सांगायची, पण सांगताना मान ताठ असायची.

बाबांना मात्र हे काम चटकन कळलं होतं. पस्तीस वर्षं त्यांनी कारखान्याच्या फाटकावर पहारा दिला होता.

"म्हणजे पोटॅशियम मोठा, सोडियम बारका. आणि तुझं दार मोठ्याला सोडतं, बारक्याला अडवतं?" त्यांनी गेल्या वर्षी विचारलं होतं.

"हो ना. दोघंही अंगावर पाण्याचा कोट घालून येतात. दार इतकं अरुंद, की कोट उतरवल्याशिवाय जाताच येत नाही. पोटॅशियमनं उतरवला, की दाराच्या भिंती त्याला पाण्यासारख्याच चहूबाजूंनी धरतात. सोडियम पडला बारका, त्याच्यापर्यंत भिंती नीट पोचतच नाहीत. मग तो कोट काढत नाही, आणि कोटासकट मावत नाही. दहा हजारांत एखादाच घुसतो."

"यात काय नवल? मीही जन्मभर बारक्यांनाच अडवलं. ढेरीवाले सगळे साहेब!" बाबा खो खो हसले. मग जरा थांबून म्हणाले, "पण ठके, पहारेकरी कितीही पक्का असू दे, बाहेर गर्दी दाटली की त्याचं काही चालत नाही. संपाच्या दिवशी मी एकालाही चुकून आत सोडलं नव्हतं. कारखाना बंद पडायचा तो पडलाच."

त्यानंतर बाबांची मूत्रपिंडं थकली. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. आईनं फोन केला तेव्हा ठकीच्या हातात ती काचेची नळी होती आणि डोकं पडद्यात. "सोडियम तोड, आई. पोटॅशियम चालेल, तो गरीब प्राणी आहे," असं गमतीत बोलून तिनं फोन ठेवला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

दीड महिन्यानं, एका शनिवारी दुपारी ती घरी आली, तर बाबांना खुर्चीतून उठवेना. पायांत वाळू भरल्यासारखं वाटतंय, म्हणाले. बोटांना मुंग्या येत होत्या. तिनं मनगट धरून ठोके मोजले. चव्वेचाळीस. पुन्हा मोजले, तेवढेच.

"वय झालं, दुसरं काय," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "मीठ तर मी कधीच बंद केलंय. हे दुसरं आणलं, हृदयाला चांगलं म्हणून लिहिलेलं. एका पिशवीवर एक फुकट होती. पोटॅशियमवालं, तूच म्हणाली होतीस ना?"

ठकीनं त्या मिठाच्या बरणीतली चिमूटभर पूड जिभेवर ठेवली. आधी खारट लागली, मग मागून कडू. अशाच पांढऱ्या पुडीची मोठी बाटली तिच्या प्रयोगशाळेत होती. थकलेल्या मूत्रपिंडांनी जे बाहेर टाकायचं, ते दीड महिना बाबांच्या रक्तात साठत होतं. हृदयाची दारं चुकत नव्हती, योग्य त्यालाच सोडत होती. पण पोटॅशियम पेशीच्या आत भरपूर आणि बाहेर जेमतेम, या फरकावरच हृदय चालतं. आता बाहेर गर्दी झाली होती.

"काय गं, काय झालं?" आईनं विचारलं.

सांगायला हवं होतं. पण आईनं मायेनं रोज जे वाढलं ते काय होतं, आणि ते कुणाच्या सांगण्यावरून होतं, हे बोलायचं म्हटल्यावर तिची दातखीळ बसली. भीतीपेक्षा शरम मोठी निघाली.

"काही नाही. दवाखान्यात दाखवून आणते. तू घरीच थांब." तिनं बरणी पर्समध्ये टाकली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दवाखान्यात हृदयाचा आलेख पाहताच डॉक्टरीण खुर्चीतून उठली आणि नर्सला मोठ्यानं हाक मारली. सुई टोचली, सलाईन लागलं. बाबांना रात्रभर ठेवून घेणार, एवढंच ठकीनं आईला फोनवर कळवलं. संध्याकाळपर्यंत ठोके साठावर आले.

"अजून काठावरच आहेत. याचा एक कणही जादा नको," डॉक्टरीण आपल्या खोलीत बरणी हातात घेऊन म्हणाली. "हे घ्यायला कुणी सांगितलं त्यांना?"

"मी."

"मग आता घरीही तुम्हीच सांगा."

ठकी बाहेर व्हरांड्यात गेली. घरी फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदा लावताना तिला ती फुकटची दुसरी पिशवी आठवली, आणि ती वॉर्डाकडे पळत सुटली.

आई बाबांच्या पलंगाशी बसली होती. मांडीवर थर्मास, हातात रिकामा वाडगा. बाबांच्या ओठांना सूप लागलेलं होतं.

"इथलं अळणी जेवण ह्यांना जाणार थोडंच? म्हणून टोमॅटोचं सूप करून आणलं," आई म्हणाली. "थेंब ठेवला नाही बघ. चव आली म्हणाले."

ठकीनं पलंगाशेजारचं नर्सला बोलवायचं बटण दाबलं, दाबूनच धरलं. "आई, मीठ..."

"अगं, घाबरतेस काय!" आईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "साधं नाही घातलं. बरणी सापडेना, म्हणून दुसरी पिशवी फोडली. तू सांगितलेलंच घातलंय."