केसभर डावीकडे

मित्रांनो, मी एक जुनी माशी आहे. हाकलायला हात उचलू नका. मी उडत नाही की गुळावर बसत नाही. पिस्तुलाच्या नळीच्या टोकावर मुगाच्या दाण्याएवढा उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. नेमबाज मागच्या खाचेतून आधी मला बघतो आणि मग माझ्यावरून निशाणाकडे.

मी जन्मले मात्र देवघराच्या दारात. औरंगाबादेत (तेव्हा आपल्या शहराचं नाव हेच होतं) आप्पासाहेबांचं घर होतं. शेती खुलताबादला, बिऱ्हाड शहरात. त्यांच्या देवघराच्या दाराला पितळेची बिजागरी होती, तिचा मी एक तुकडा. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनला दहा-बारा वर्षं उलटली होती. ज्या बंदुकांच्या आवाजानं माणसं दारं लावून घेत, त्यांचा आता खेळ झाला होता. दर रविवारी हर्सूलच्या बाजूला मातीच्या बांधासमोर क्लबची मंडळी जमत आणि कागदी निशाणांवर नेम धरत. आप्पासाहेबांना त्याचा भारी नाद.

एका रविवारी त्यांचं पिस्तूल दगडावर आपटलं. घरी येऊन ते पत्नीला, साळूबाईंना, म्हणाले, "माशी तुटली."

"बरं झालं! सकाळधरनं दुधावर घिरट्या घालत होती."

"अगं, पिस्तुलाची माशी!"

"व्हय? अन् माझ्या देवघराची बिजागरी तुटून महिना झाला, ती नाय दिसली तुम्हाला?"

आप्पासाहेब निमूट दोन्ही वस्तू घेऊन बन्सी मिस्त्रीकडे गेले. बन्सी बंदुका दुरुस्त करायचा. त्यानं बिजागरीचा तुटका तुकडा वेगळा काढला, तिथं लोखंडाची पट्टी ठोकून दिली, आणि तो तुकडा कानशीनं घासून घासून मला घडवलं. वितळलेल्या कथलाचा डाख देऊन नळीवर कायमची बसवायच्या आधी तो आप्पासाहेबांबरोबर बांधापाशी गेला. मला लाखेनं मधोमध तात्पुरतं चिकटवून त्यांना पाच गोळ्या मारायला लावल्या. निशाणाचा कागद बराच वेळ बघत राहिला. मग तो घडी करून खिशात घातला. दुसऱ्या दिवशी मला बसवून म्हणाला, "आता मारा." पाचही गोळ्या मधल्या काळ्या ठिपक्यात!

माझे सोन्याचे दिवस सुरू झाले. एकच खोड होती माझ्यात, मी पितळेची, उन्हात चमकायचे. नेमबाजाला ती चमक त्रास देते. त्यावर तोडगा काढला साळूबाईंनी. घरात त्यांची तान्ही लेक अंबिका होती. तिच्यासाठी तुपाच्या दिव्यावर धरलेलं काजळ असे. आधी पोरीच्या गालाला तीट, मग त्याच बोटानं मला. अंबिका आणि मी अशा एकाच डबीतल्या काजळावर मोठ्या झालो. आप्पासाहेबांनी बक्षिसं आणली की साळूबाई पेल्यांना हळद-कुंकू लावत आणि म्हणत, "ह्यात अर्धी माझी बिजागरी हाय."

अंबिका मोठी झाली तसं आप्पासाहेबांनी तिला उभं केलं बांधासमोर. तिचा हात हलायला लागला की हसून म्हणत, "नजर माशीवर ठेव गं. निशाण कुठं पळून चाललंय?"

मग आप्पासाहेब गेले. रीतसर परवाना अंबिकाच्या नावावर झाला. तिचं लग्न झालं, मुलगी झाली. बाळ निजलं की ती कुलूपबंद कपाटातली पेटी काढायची, पिस्तूल रिकामं आहे ना ते दोनदा बघायची आणि मला मऊ फडक्यानं पुसायची. कधी कधी पुसून झालं तरी तशीच बसून राहायची.

कारण तिच्या गोळ्या उजवीकडे जायच्या. राज्याच्या संघासाठी क्लबतर्फे एकच नाव जायचं, आणि दोन वर्षं ती हुकली होती. क्लबचे शिक्षक श्रीधरराव तिला म्हणाले, "ताई, यंदाची शेवटची संधी. पुढच्या वर्षापासून नव्या पोरींची नावं जाणार. ही जुनी माशी काढा, स्क्रूनं सरकणारी नवी बसवून घ्या."

"सर, आप्पांनी सगळी बक्षिसं हिच्यावर मारली. हिच्यात खोट कशी असेल? माझ्याच हातात आहे."

खरं सांगते मित्रांनो, मी तेव्हा फुगले. तिच्या हाताचं काय होतंय, हा विचारही माझ्या मनात आला नाही.

निवडीला पंधरा दिवस राहिले आणि माझा डाख थोडा सैल झाला. अंबिका बाळाला कडेवर घेऊन बन्सीकडे आली. त्याच्या डोळ्यांवर आता जाड भिंगं होती.

"काका, एवढी पक्की करून द्या. काढायची नाही."

बन्सीनं मला उजेडाकडे धरलं आणि खुदकन हसला. "अजून हीच हाय व्हय? कुठं जातात गोळ्या? उजवीकडं ना?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"मीच तर पाठवतो त्यांना! आप्पासाहेबांचं बोट बैलगाडीच्या चाकात सापडून वाकडं झालतं. ट्रिगर दाबताना हात डावीकडं ओढायचा. त्या माणसाला सांगायची सोय होती का? लई मानी. म्हणून मी गुपचूप ही माशी केसभर डावीकडं बसवली. त्याचं वाकडं अन् हिचं वाकडं, गोळी सरळ."

अंबिकानं आपला मोकळा हात पुढं धरला. "मग माझा हात?"

"तुझा हात सरळ हाय पोरी. लई सरळ. म्हणून तर चुकतीस."

"आप्पांना कळलं होतं हे?"

"नाय. अन् आता सांगायचं कुणाला?"

ती हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाळानं हात लांबवून तिचा गाल चाचपला. तिनं मला एकदा बोटानं कुरवाळलं आणि म्हणाली, "काढा काका. नवी बसवा."

डाख वितळला. इतक्या वर्षांची जागा सुटायला एक क्षण पुरला. मला वाटलं, आता भंगाराच्या डब्यात जायचं. पण साळूबाईंनी बन्सीला घरी बोलावून घेतलं. देवघराच्या बिजागरीतली लोखंडी पट्टी गंजून गेली होती. तिच्या जागी त्यानं मला बसवलं. झिजून लहान झाले होते, तेवढी फट डाखानं भरली. दाराची करकर थांबली.

निवडीच्या दिवशी बाळाला साळूबाईंपाशी ठेवून पहिल्यांदाच अंबिका माझ्याशिवाय गेली. दुपार मला सरता सरेना. दिवेलागणीला ती आली ती चपला काढून थेट देवघरापाशी, आणि निशाणाचा कागद उलगडून धरला.

"कुठं लागल्या गं?" साळूबाईंनी विचारलं.

"मधोमध, आई. संघासाठी माझंच नाव गेलं."

मित्रांनो, जुन्या वस्तूला जरूर जपा. पण ती कुणाच्या हातासाठी घडली होती, हेही कधी विचारा. वडलांच्या हाताचं माप लेकीच्या हाताला लावत बसू नका; आणि माप जुळलं नाही म्हणून ती वस्तू फेकूनही देऊ नका. घरात तिला बसेल अशी एक फट असतेच.

त्या संध्याकाळी साळूबाईंनी काजळाची डबी उघडली, नातीच्या गालाला तीट लावली. मग दार ओढून घेताना, जुन्या सवयीनं, बोटावर उरलेलं काजळ मला पुसलं.