रांगेची वाट पाहणारा बाक

मी एक जुना बाक आहे, मित्रांनो. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, एका छोट्या वस्तीत, चर्चच्या ओसरीवर माझा मुक्काम असतो. वादळात पडलेल्या पेकनच्या झाडातून हायरम सुताराने मला घडवलं. माझा एक पाय आखूड राहिला. "उद्या करतो," म्हणत त्याने तो जन्मभर तसाच ठेवला.

रविवारी माझ्यावर कोणीही बसे, पण माझा खरा मान मतदानाच्या दिवशी. मतदान याच चर्चमध्ये होई. इथल्या लोकांच्या आईबापांना एके काळी मत द्यायला गेल्यावर, कृष्णवर्णीय म्हणून, हाकलून दिलं होतं. म्हणून वस्तीत रिवाज पडला, की पहिलं मत सर्वांत वयस्क माणसाने द्यायचं. ते येऊन माझ्यावर टेकेपर्यंत रांग उकडलेल्या शेंगा खात, गप्पा मारत खोळंबून राही. अलीकडे हा मान अर्नेस्टीनबाईंचा होता.

मग राज्याच्या विधिमंडळाने कायदा केला. वस्त्यांमधली केंद्रं बंद झाली आणि जिल्ह्याच्या गावी एकच मोठं केंद्र आलं. बाईंना सांगितलं होतं, पण त्यांनी ते कानाआड केलं.

मतदानाच्या सकाळी त्या ठेवणीतली टोपी घालून आल्या आणि माझ्यावर बसल्या. दाराला कुलूप होतं. दुपार कलली, तरी कोणी फिरकलं नाही. मला फार वाईट वाटत होतं. शेवटी त्यांचा भाचा ल्युशस गाडी घेऊन शोधत आला.

"मावशी, इथं काय करताय?"

"रांगेची वाट बघतेय. सगळे आळशी झालेत मेले."

"रांग जिल्ह्याला गेली. मी सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलंस रे. मला वाटलं, माझ्याशिवाय सुरू करणार नाहीत."

ल्युशसने गाडीचं दार उघडलं. "चला, बंद व्हायच्या आत पोचू."

"तुझं हे खटारं पोचवतंय का, ते बघ आधी."

रविवारी त्या ल्युशसबरोबर पुन्हा आल्या. मत दिलं होतं, अगदी शेवटी शेवटी. "पण तिथं मला कोणी ओळखलं नाही," एवढंच म्हणाल्या. मला त्या जुन्या रांगेची इतकी आठवण आली, की काय सांगू!

"हा बाक तुमच्या अंगणात नेऊन ठेवू का?" ल्युशसने विचारलं.

"नको, राहू दे इथंच. पुढच्या वेळी माझ्यासारखं कोणी चुकून आलं, तर त्याला बसायला नको का?"

म्हणून सांगतो मित्रांनो, बंद दारापुढे असं कोणी बसलेलं दिसलं, तर तसेच पुढे जाऊ नका. कुठे जायचंय ते विचारा, आणि त्यांना तिथवर पोचवा. मी फक्त बसायला जागा देऊ शकतो.