बर्फाखाली पुरलेली माती

मी एक जुनी माती आहे. कधीकाळी माझ्यावर ऊन पडत होते. गवत उगवे, कुजे, पुन्हा उगवे आणि पाणी माझे बारीक कण खाली नेत राही. अशी हजारो वर्षे गेली, मी तपकिरी झाले. मग उत्तरेकडून बर्फ सरकत आला. त्याने स्प्रूसची झाडे माझ्यावर आडवी केली आणि वितळताना चिकणमाती व दगडगोट्यांचा जाड थर टाकला.

मित्रांनो, पुरल्यावरही माती बदलत राहते. हवा मिळेनाशी झाली, तसा माझ्यातल्या लोहाचा रंग उडाला आणि मी निळसर राखाडी झाले. वरच्या थरातला चुना पाझरून माझ्यात उतरला. लाकडे फारशी कुजली नाहीत. जी कुजली, त्यांचा जड वायू माझ्या भेगांत कोंडून राहिला.

फार काळाने अमेरिकेतल्या इलिनॉयच्या त्या माळावर युरोपातून आलेले फ्रिसियन शेतकरी वसले. त्यांतला हार्म विहीर खणत माझ्यापर्यंत पोचला. वर रहाटावर त्याची बायको गेशे आणि तिचा भाऊ ओके होते. बादलीतून माझे काळे लाकूड वर गेले, तेव्हा ओके म्हणाला, "दाजी, पाणी आणायला उतरलात की सरपण?" हार्म हसला. इतक्या वर्षांत मी ऐकलेले ते पहिले हसू.

सकाळी दिवा खाली सोडून हवा पाहायची, विझला तर उतरायचे नाही, अशी त्यांची रीत. त्या दिवशी दिवा नीट जळला, म्हणून नंतर कोणी पाहिले नाही. दुपारी वादळ दाटले. हवेचा दाब उतरला आणि माझ्यातला वायू विहिरीत आला. हार्म जेवून उतरला, अडचण होते म्हणून कमरेचा दोर सोडला, आणि गुडघ्यांवर कोसळला.

ओके दोर धरून उतरू लागला. गेशेने त्याला मागे ओढले आणि दिवा सोडला. तो अर्ध्यावरच विझला.

"जिवंत असेल गं तो."

"असेल. पण तू उतरलास तर मला दोघांना पुरावं लागेल."

हवा हलावी म्हणून दोघे बादल्यांनी पाणी ओतत राहिले. दिवा तळापर्यंत जळू लागला, तेव्हा ओके उतरला. हार्म थंड झाला होता.

विहीर बुजवली. माझ्यावर पुन्हा अंधार आला.

मित्रांनो, सकाळचा दिवा सकाळचीच हवा सांगतो. जमिनीत उतरताना दर वेळी तो नव्याने सोडा. मला आता वर यायचे नाही. तुम्हाला यायचे आहे.