मुळ्यांच्या सावल्या

हिवाळ्याच्या तोंडाशी सकाळचा उजेड आमच्या घरात सरळ येत नसे. आधी तो खिडकीच्या कागदावर बराच वेळ थांबे आणि तिथेच फिकट होई. मग शेगडीच्या धुरात शिरून, आढ्याला धुरात सुकायला टांगलेल्या मुळ्यांच्या माळांतून वाट काढत, चटईवरून तसूतसूने सरकत आईच्या अंथरुणाशी येई. खालच्या उबेने मुळे मंद डोलत आणि त्यांच्या सावल्या तिच्या डाव्या हातावरून ये-जा करीत. भातकापणीच्या दिवसांत मेंदूतली शीर फुटली, तेव्हापासून तो हात पांघरुणावर तसाच पडून होता.

अशाच एका सकाळी मला तिची करंगळी हललेली दिसली. मी कुणाला बोललो नाही. पुढे रोज मात्र त्याच वेळी तिच्या उशाशी बसू लागलो.

उत्तर जपानातल्या अकिता प्रांतातल्या आमच्या खेड्यात असे झटके घरोघरी येत. दर आठवड्याला येणाऱ्या नर्स कुदोबाई म्हणाल्या, "मीठ कमी करा. आणि दूध, अंडी, थोडी डुकराची चरबीसुद्धा पोटात जाऊ द्या. शहरातले डॉक्टर चरबीला भितात, पण इथे ती ताटात येतेच कुठे? चरबी फारच कमी पडली की बारीक शिरा लेच्यापेच्या होत असाव्यात, असं आमच्या डॉक्टरांना वाटतं. खात्री नाही अजून."

"मग हात परत येईल?"

"शुइची, मी पुढच्या झटक्याबद्दल बोलतेय."

मी ते ऐकले, आणि ऐकले नाही.

मी सोयाबीनच्या सारात चरबीचा तुकडा विरघळवून आईला भरवू लागलो.

"मी काय गाडीचा आस आहे रे, वंगण घालायला?" ती जड जिभेने म्हणाली.

"गिळ गं."

"तुझ्या बापाने जन्मात मला भरवलं नाही. मेलाय म्हणून वाचला, नाहीतर लाजला असता."

तिने वाटी संपवली. मला तेवढे पुरेसे होते.

शेजारच्या हात्सुए आजी भेटीला येताना गेल्या वर्षीचे खारवलेले मुळे किमोनोच्या बाहीत लपवून आणीत. आमच्याकडे आजाऱ्याला रिकाम्या हाताने भेटत नाहीत. एकदा आईच्या उशीखाली त्या खारट मुळ्यांचे तुकडे सापडले. मी खुर्ची घेऊन आढ्याखाली उभा राहिलो आणि माळा सोडू लागलो.

"अरे, काय करतोस? पिंपात कधी घालायचे ते?" आई ओरडली.

"यंदा नाही घालायचे. मिठातच जाणार ना ते? आजींना देऊन टाकतो."

"मुळ्यांवाचून हिवाळा? त्यापेक्षा मलाच टांग तिथे. धुरात टिकेन तरी."

मी हसलो. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजेड आला, तो कुठेही न अडता. आढे रिकामे होते, डोलणाऱ्या सावल्याही नव्हत्या. तिच्या हातावर तो स्वच्छ, सपाट पडला आणि तसाच राहिला. मी वाकून पाहत बसलो. शेगडीतला निखारा राख झाला. आईने माझ्याकडे पाहिले आणि मान भिंतीकडे वळवली.

करंगळी हलली नाही. ती कधीच हलली नव्हती.